अल्-हाज मालिक अल्-शाबाज: द्वेषाचा वारसा नाकारणारा माणूस

वाचकहो, माल्कम एक्स हे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा जहाल नेता, तुरुंगातून व्यासपीठावर पोहोचलेला वक्ता आणि हजयात्रेनंतर अंतर्बाह्य बदललेला माणूस, एवढी त्यांची ओळख बहुतेकांना असते. मात्र ते एका स्थलांतरित आईचे पुत्र होते, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. या बाजूने त्यांच्या चरित्राकडे पाहिले की एक मोठा प्रश्न समोर उभा राहतो. ज्या देशातील बहुसंख्य लोक स्वतःच बाहेरून आलेल्यांची नातवंडे-पतवंडे आहेत, त्या देशात नव्याने येणाऱ्यांविषयीचा वर्णद्वेष पिढ्यान्‌पिढ्या कसा टिकून राहतो? तो रक्तातून उतरतो, की शिकवला जातो? आणि शिकवला जात असेल, तर तो पुसता येतो का? माल्कम यांचे अवघे एकोणचाळीस वर्षांचे आयुष्य या प्रश्नांचे उत्तर देऊन गेले.

समुद्रापलीकडून आलेली आई

त्यांच्या आईचे नाव लुईज. कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा या छोट्या बेटावर तिचा जन्म झाला. ते बेट तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होते. लुईज शिकलेली होती, तिला एकाहून अधिक भाषा येत होत्या आणि तिचे वाचन चांगले होते. 1917 साली ती कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात आली. तेथे जमैकाचे मार्कस गार्वी यांनी उभारलेल्या कृष्णवर्णीयांच्या चळवळीत ती सामील झाली आणि त्याच चळवळीत काम करणाऱ्या अर्ल लिटल यांच्याशी 1919 मध्ये तिचा विवाह झाला. अर्ल हे अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यातून आलेले बाप्टिस्ट धर्मप्रचारक होते. हे दांपत्य अमेरिकेत स्थायिक झाले आणि 19 मे 1925 रोजी नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहरात माल्कम यांचा जन्म झाला.

लुईजचे वडील गोरे होते, त्यामुळे तिचा वर्ण उजळ होता. पुढे वैधव्याच्या काळात ती गोऱ्यांच्या घरी कामाला जाई. ती कृष्णवर्णीय आहे हे मालकांच्या लक्षात येईपर्यंत तिचे काम टिके आणि लक्षात येताच ते सुटे. वाचकहो, कालपर्यंत जिचे काम चोख वाटत होते, ती बाई आज नकोशी होते, हा बदल तिच्यात झालेला नसतो. पाहणाऱ्याच्या मनात कोणीतरी पूर्वीच बसवून ठेवलेली एक यादी असते आणि त्या यादीप्रमाणे माणसाची किंमत ठरते.

कागदावर लिहिलेला द्वेष

ही यादी केवळ मनात नव्हती, ती कायद्याच्या पुस्तकातही होती. अमेरिकेच्या 1790 च्या कायद्याने स्थलांतरितांपैकी फक्त स्वतंत्र गोऱ्या व्यक्तींनाच नागरिकत्वाचा मार्ग खुला ठेवला होता. यादवी युद्धानंतर 1870 मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांना त्यात जागा मिळाली, पण आशियाई लोक बाहेरच राहिले. 1882 मध्ये चिनी मजुरांना प्रवेशबंदी झाली. 1917 च्या कायद्याने हिंदुस्थानसह आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना दार बंद झाले. पंजाबात जन्मलेले आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात सेवा केलेले भगतसिंग थिंद नागरिकत्वासाठी न्यायालयात गेले, तेव्हा 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की सर्वसामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे ते गोरे नाहीत. पुढच्याच वर्षी आलेल्या कायद्याने देशोदेशींचे कोटे ठरवून पूर्व व दक्षिण युरोपातील लोकांची संख्याही घटवली. माल्कम जन्माला आले ते या कायद्यानंतर एका वर्षाने.

आता लिटल कुटुंबाच्या घराकडे या. 1929 साली अर्ल यांनी मिशिगन राज्यातील लान्सिंग शहराच्या कडेला घर घेतले. त्या जमिनीच्या करारपत्रात एक कलम होते, ते असे की येथे गौरवंशीयांखेरीज कोणी राहू नये. शेजाऱ्यांनी दावा लावला आणि न्यायालयाने घर सोडण्याचा निकाल दिला. वाद मिटण्याआधीच, नोव्हेंबरच्या एका रात्री, ते घर जळून खाक झाले. कुटुंब जीव वाचवून बाहेर पडले. माल्कम तेव्हा चार वर्षांचे होते. पोलिसांनी संशय घेतला तो अर्ल यांच्यावरच, मात्र तो आरोप टिकला नाही.

दोन वर्षांनी, सप्टेंबर 1931 मध्ये, अर्ल रस्त्यावरील ट्रामखाली सापडून मरण पावले. सरकारी नोंद अपघाताची झाली. गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या टोळीने त्यांना मारले, अशी कुटुंबाची आणि गावातील कृष्णवर्णीयांची धारणा राहिली. एका विमा कंपनीने हा मृत्यू आत्महत्या ठरवून पैसे नाकारले. मंदीचे दिवस, पदरी मुलांचा घोळका आणि दारात सतत सरकारी चौकशी करणारे. 1939 च्या आरंभी लुईजला मनोरुग्णालयात ठेवण्यात आले आणि तेथे तिने सुमारे चोवीस वर्षे काढली. मुले निरनिराळ्या घरी वाटली गेली. परक्या देशात येऊन संसार उभा करणाऱ्या एका सुशिक्षित स्त्रीचे घर असे विस्कटले.

शाळेतील धडा

माल्कम यांना मेसन या गावातील शाळेत घातले गेले. तेथे बहुतेक सर्व मुले गोरी होती. ते हुशार होते, वर्गाने त्यांना अध्यक्षही निवडले. एकदा शिक्षकांनी विचारले, पुढे काय व्हायचे आहे? माल्कम यांनी वकील होण्याची इच्छा सांगितली. शिक्षकांनी प्रेमळपणेच समजावले की त्यांच्या वर्णाच्या मुलाने असले स्वप्न पाहू नये, हातात कला आहे तर सुतारकाम करावे. त्यांच्याहून कमी गुण असलेल्या गोऱ्या मुलांना मात्र त्याच शिक्षकांनी त्यांच्या इच्छेप्रमाणे उत्तेजन दिले होते.

हा प्रसंग लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण येथे शिवीगाळ नाही, मारहाण नाही. तो शिक्षक वाईट हेतूने बोलला असेही माल्कम यांनी म्हटलेले नाही. द्वेष एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जातो तो बहुधा असाच, हितोपदेशाच्या वेषात. मोठी माणसे जे स्वाभाविक म्हणून सांगतात, ते मुले सत्य म्हणून स्वीकारतात. त्या वर्गातील गोऱ्या मुलांनीही त्या दिवशी एक धडा घेतलाच असेल.

कालचा तिरस्कृत, आजचा द्वारपाल

1941 मध्ये माल्कम बोस्टन शहरात सावत्र बहीण एला हिच्याकडे गेले. पुढे न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत ते वाममार्गाला लागले आणि 1946 मध्ये चोरीच्या गुन्ह्यात आठ ते दहा वर्षांची शिक्षा होऊन बोस्टनमधील चार्ल्सटाउनच्या तुरुंगात पोहोचले.

या चार्ल्सटाउनचा इतिहास आपल्या विषयासाठी बोलका आहे. 1834 साली तेथील प्रोटेस्टंट जमावाने कॅथलिक जोगिणींचा मठ आणि शाळा जाळली होती. त्या काळी बोस्टनमध्ये येणारे आयरिश कॅथलिक स्थलांतरित गलिच्छ, आळशी आणि देशाशी एकनिष्ठ नसलेले मानले जात. त्याही आधी, 1751 मध्ये, बेंजामिन फ्रँकलिन यांच्यासारख्या विद्वानाने पेनसिल्व्हेनियातील जर्मन स्थलांतरितांविषयी तक्रार लिहून ठेवली होती, की हे लोक आपली भाषा व चालीरीती घेणार नाहीत आणि त्यांचा वर्णही पुरेसा गोरा नाही. 1891 मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे जमावाने अकरा इटालियनांना ठार केले. आज या तिन्ही समाजांच्या वंशजांकडे कोणी परके म्हणून पाहत नाही.

आपणास वाटेल, ज्यांनी हा अपमान सोसला त्यांची मुले नव्याने येणाऱ्यांना जवळ करतील. काहींनी केलेही. पण पुष्कळांनी दुसरीच वाट धरली. ज्या शिडीवर त्यांना खालच्या पायरीवर उभे केले होते, ती शिडी त्यांनी मोडली नाही, ते तिच्यावर चढून गेले आणि खालच्या पायरीवर दुसऱ्याला उभे केले. 1974 मध्ये बोस्टनच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीय मुलांना शाळेत नेणाऱ्या बसगाड्यांवर दगड पडले. ती वस्ती मुख्यतः आयरिश वंशाच्या लोकांची होती. पणजोबांनी सोसलेले पणतूंना आठवले नाही. नवागताचा तिरस्कार करणे हा जणू आपण आता मूळचे झालो याचा दाखला ठरला होता. माल्कम यांनी आपल्या भाषणांतून हे वारंवार दाखवून दिले की युरोपातून काल आलेला माणूस लगेच अमेरिकन ठरतो आणि ज्यांचे पूर्वज चारशे वर्षांपूर्वी साखळदंडात आणले गेले ते मात्र ठरत नाहीत.

मुस्लिम स्थलांतरितांचा अनुभवही वेगळा नव्हता. 1942 मध्ये मिशिगनमध्येच येमेनहून आलेल्या अहमद हसन यांचा नागरिकत्वाचा अर्ज न्यायालयाने फेटाळला. त्यांचा वर्ण सावळा आहे आणि मुस्लिम जगताची संस्कृती युरोपच्या ख्रिस्ती संस्कृतीपासून फार दूर आहे, ही कारणे देण्यात आली. दोनच वर्षांनी मॅसॅच्युसेट्समधील दुसऱ्या न्यायाधीशांनी एका अरबाला गोरा मानून नागरिकत्व दिले. एकाच वंशाचा माणूस एका राज्यात सावळा आणि दुसऱ्या राज्यात गोरा! वर्णाच्या या मोजपट्टीत सत्य किती होते, ते यावरून ओळखावे.

विषावर विष

तुरुंगात माल्कम यांनी शब्दकोश पानामागून पान उतरवून काढला आणि ग्रंथालय पालथे घातले. भावंडांच्या पत्रांतून त्यांना एलिजा मुहम्मद यांच्या नेशन ऑफ इस्लाम या संघटनेची ओळख झाली. तिने त्यांना दारू, जुगार आणि गुन्हेगारीपासून सोडवले, ही गोष्ट मान्य केली पाहिजे. 1952 मध्ये सुटल्यावर ते तिचे सर्वांत प्रभावी प्रवक्ते झाले. पण या संघटनेची शिकवण इस्लामच्या मूळ तत्त्वांपासून फार दूर होती. समस्त गोरा वंश सैतान आहे, असे ती सांगत होती. तिने आपल्या संस्थापकाला ईश्वरी स्थान दिले होते आणि एलिजा यांना प्रेषित मानले होते. एकेश्वरत्व आणि प्रेषितत्वाची समाप्ती या दोन्ही पायाभूत श्रद्धांना ही शिकवण छेद देणारी होती.

सुमारे बारा वर्षे माल्कम यांनी हा विचार पसरवला. त्यांच्या संतापाचे कारण खरे होते. जळालेले घर, मृत पिता, कोंडलेली आई यांचा विसर कसा पडावा? परंतु ज्या मोजपट्टीने त्यांच्या आईवर अन्याय केला, तीच मोजपट्टी त्यांनी उलटी धरली होती. वर्णावरून माणसाची पारख करणे हा रोग तसाच राहिला, केवळ रोग्याची बाजू बदलली. एलिजा यांच्या खासगी वर्तनाविषयी समजल्यावर आणि मतभेद विकोपाला गेल्यावर मार्च 1964 मध्ये त्यांनी संघटना सोडली.

इहरामच्या दोन वस्त्रांत

पुढच्याच महिन्यात ते हजला निघाले. कैरोहून इहराम बांधून ते जिद्दा येथे उतरले, तेव्हा अमेरिकन पासपोर्ट असलेला हा मनुष्य खरोखर मुस्लिम आहे काय, अशी शंका घेऊन अधिकाऱ्यांनी त्यांना थांबवले. विमानतळाजवळच्या वसतिगृहात त्यांना रहावे लागले. ज्यांनी बारा वर्षे हजारोंना धर्म सांगितला होता, त्यांना नमाजची रीतही नीट येत नव्हती. ती त्यांनी तेथे एखाद्या बालकाप्रमाणे शिकून घेतली. जवळ असलेल्या एका पुस्तकामुळे त्यांना अब्दुर्रहमान अज्जाम या विद्वानांच्या मुलाचा दूरध्वनी क्रमांक आठवला. संपर्क होताच ते कुटुंब धावून आले आणि वयोवृद्ध अज्जाम यांनी या अनोळखी पाहुण्यासाठी हॉटेलमधील आपली जागा रिकामी केली. अमेरिकेत ज्यांना निःसंशय गोरे म्हटले गेले असते असे हे लोक होते. त्यांना या पाहुण्याकडून कसलाही लाभ नव्हता.

नंतर मक्का, मिना, अरफात. निळ्या डोळ्यांचे, सोनेरी केसांचे यात्रेकरू आणि आफ्रिकेचे गडद वर्णाचे यात्रेकरू एकाच ताटात जेवत होते, एकाच पेल्यातून पाणी पीत होते, एकाच चटईवर झोपत होते. लोक आपापल्या देशबांधवांबरोबर सहजपणे वावरतात हेही माल्कम यांच्या नजरेतून सुटले नाही, पण तेथे कोणी कोणाला खालचे मानत नव्हते. त्यांनी मक्केहून मित्रांना व सहकाऱ्यांना पत्रे लिहिली. आपण पूर्वी मांडलेले काही विचार या अनुभवाने बदलायला लावले आहेत आणि अमेरिकेने इस्लाम समजून घ्यावा, कारण हा धर्म समाजातून वंशभेद पुसून टाकतो, असा त्या पत्रांचा आशय होता. पत्रांखाली नाव होते अल्-हाज मालिक अल्-शाबाज.

वाचकहो, अरफातच्याच मैदानात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अखेरच्या हजच्या वेळी उपस्थितांना समतेची शिकवण दिली होती. अरब-अजम, गोरा-काळा यांत श्रेष्ठत्वाचा निकष केवळ ईशभय हाच आहे, हा त्या शिकवणीचा गाभा. ज्या अरबांत वंशाचा अभिमान पिढीजात होता, त्याच अरबांच्या डोळ्यांदेखत हबशी वंशाचे हजरत बिलाल (रजि.) काबागृहावर चढून अजान देतात. पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा तोडता येतो, याचा हा पुरावा होता आणि 1964 मध्ये तो पुन्हा एका माणसाच्या हृदयात उतरला.

मार्शल स्ट्रीट आणि अखेर

यानंतर माल्कम यांनी अन्यायाविरुद्धचा लढा सोडला नाही. केवळ त्याचा रोख माणसाच्या कातडीवरून त्याच्या कृतीकडे वळला. आफ्रिका आणि मध्यपूर्वेत ते फिरले, अमेरिकेतील प्रश्न मानवी हक्कांचा प्रश्न म्हणून जगापुढे मांडू लागले.

12 फेब्रुवारी 1965 रोजी ते इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिक गावी गेले. या गावात हिंदुस्थान-पाकिस्तानातून कारखान्यांत कामाला आलेल्यांची वस्ती वाढत होती. आदल्या वर्षीची निवडणूक तेथे स्थलांतरितांविरुद्धच्या उघड विखारावर लढवली गेली होती. मार्शल स्ट्रीट या रस्त्यावरील रिकामी होणारी घरे नगरपालिकेने विकत घ्यावीत आणि ती केवळ गोऱ्या कुटुंबांना द्यावीत, अशी मागणी तेथील गोऱ्या रहिवाशांनी केली होती आणि पालिकेला ती पसंत होती. इंडियन वर्कर्स असोसिएशनच्या कार्यकर्त्यांसमवेत माल्कम त्या रस्त्यावरून चालत गेले. लान्सिंगच्या करारपत्रातील कलम छत्तीस वर्षांनी, समुद्र ओलांडून, त्यांना पुन्हा भेटले होते. या वेळी ते ज्यांच्या बाजूने उभे होते, त्यांत बहुसंख्य पंजाबी शीख होते. त्यांचा वर्ण, धर्म, भाषा सारे वेगळे होते. अन्याय मात्र ओळखीचा होता.

दोनच दिवसांनी न्यूयॉर्कमधील त्यांच्या घरावर रात्री पेटत्या बाटल्या फेकल्या गेल्या. गरोदर पत्नी बेटी आणि चार लहान मुलींना घेऊन ते बाहेर पडले. चार वर्षांचे असताना पाहिलेली आग आता त्यांच्या मुलींनी पाहिली. 21 फेब्रुवारी 1965 रोजी हार्लेमच्या उत्तरेकडील ऑडुबॉन सभागृहात भाषणाला उभे राहताच त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. नेशन ऑफ इस्लामच्या एका सदस्याने नंतर गुन्हा कबूल केला. त्याच्यासोबत शिक्षा झालेल्या दोघांना न्यायालयाने 2021 मध्ये निर्दोष ठरवले. द्वेष शिकवणारी संघटना अखेर आपल्याच माणसावर उलटली. एका सुदानी शेखने त्यांना गुस्ल देऊन कफन केले.

वारसा कोण चालवतो?

त्याच वर्षी 3 ऑक्टोबर रोजी वंश-देशावर आधारलेले प्रवेशाचे कोटे अमेरिकेने रद्द केले. आज तेथे दिसणारे भारतीय, पाकिस्तानी, अरब समाज मुख्यतः या कायद्याने उघडलेल्या दारातून गेले. कायदा बदलला, पण मनातील यादी एका स्वाक्षरीने पुसली जात नाही. 27 जानेवारी 2017 रोजी सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी करणारा आदेश निघाला आणि त्यात अहमद हसन यांचा येमेनही होता. आदेश काढणाऱ्या राष्ट्राध्यक्षांचे आजोबा जर्मनीहून आणि आई स्कॉटलंडहून आलेली होती. याच्या जोडीला हेही सांगितले पाहिजे, की त्या दिवसांत हजारो अमेरिकन नागरिक, त्यांत पुष्कळ गोरे, विमानतळांवर जमून या आदेशाचा निषेध करीत होते. ती बंदी 2021 मध्ये उठवण्यात आली.

म्हणजे वारसा दोन्ही प्रकारचा आहे आणि तो कोणता चालवायचा हे प्रत्येक पिढी नव्याने ठरवते. दिव्य कुरआन मानवजातीला सांगतो की आपण सर्व एका स्त्री-पुरुषापासून निर्माण झालो आणि वंश व कबिले परस्परांच्या ओळखीसाठी आहेत.

हा मापदंड आपण अमेरिकेला लावावा, पण प्रथम आपल्या उंबरठ्याच्या आत लावावा. मुलीसाठी स्थळ पाहताना आपण वर्ण विचारतो की चारित्र्य? बिरादरीचे नाव ऐकून आपला आवाज बदलतो का? मोहल्ल्यात नव्याने आलेल्या, वेगळी बोली बोलणाऱ्या कुटुंबाविषयी जेवताना आपण काय बोलतो? मुले ते ऐकत असतात. मेसनच्या शाळेतील शिक्षकाप्रमाणे आपणही हितोपदेशाच्या आवाजात त्यांना एक यादी देत असतो. लुईजच्या पुत्राने ती यादी दोन वेळा हाती घेतली, एकदा सोसणारा म्हणून आणि एकदा चालवणारा म्हणून, आणि शेवटी इहरामच्या दोन पांढऱ्या वस्त्रांत ती टाकून दिली. अल्लाह आपणा सर्वांना ती आपल्या मुलांच्या हाती न देण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.